पाटावरचा बाप

दीनानाथराव पाडव्याला यायचे ते पाय पुढे करतच, याचा लीलावतीबाईंना मनस्वी तिटकारा होता. लखनौच्या तेलीबागेपलीकडच्या बालिकाश्रमाचे हे संचालक. आश्रमातून लग्न लावून दिलेल्या मुलींच्या घरी सणाला जायचं, ‘बाप’ म्हणून पाटावर बसायचं, लेकीकडून पाय धुवून घ्यायचे आणि श्रीखंड चापून निघायचं, असा यांचा रिवाज. आपल्यात सासरा जावयाचे पाय धुतो. इथे सगळं उलटंच. पण तिथली मराठी मंडळी कौतुकानं माना डोलवायची.

लीलावतीबाई दुसरी शिकलेल्या, पण ताटावर बसलेल्या माणसाची लायकी दोन घासांत ओळखायच्या. तरी गेली तीन वर्षं त्यांनीच सुनेला, नयनाला, ते पाय धुवायला लावले होते. आईबाप नसलेल्या पोरीला माहेर हवं, म्हणून. गेल्या वर्षी तिच्या हातून तांब्या कलंडला, तेव्हा “हिला धड पाणीही ओतता येत नाही,” असं चारचौघांत बोलल्या त्याही त्याच.

ब्याऐंशी सालच्या पाडव्याला लीलावतीबाईंच्या निशातगंजच्या घरात दीनानाथराव पाटावर बसले. मराठी मंडळाचे चिटणीस लक्ष्मीकांत वार्षिक अंकासाठी कॅमेरा घेऊन सज्ज झाले. नयना मात्र स्वयंपाकघरातून बाहेर येईना.

“काय गं, तुझ्यासाठी वेगळा मुहूर्त काढायचा का?” लीलावतीबाई आत आल्या.

“मी ते पाय धुणार नाही, आई.” नयना ओट्याला टेकून उभी होती. आवाज हलका, पण सरळ. “मी नऊ वर्षांची होते. पाय चेपायला म्हणून दुपारी ऑफिसात बोलवायचे. आतून कडी लावायचे. मी एकटीच नव्हते.”

लीलावतीबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली.

“कुणाला बोललीस हे?”

“पद्मिनीताईंना. विद्यापीठात मानसशास्त्र शिकवतात त्या. मंगळवारी भाजीला म्हणून जाते, ती त्यांच्याकडे. त्याच आश्रमात वाढलेल्या आम्ही पाचजणी तिथे बसतो. वर्ष झालं. त्या म्हणतात, जमेल तेव्हा सांग, जमेल तेवढंच सांग. आज एवढं जमलं.”

दारात मुलगा उभा होता. नरेंद्र, बँकेतला साहेब. “आई, बाहेर लोग बैठे हैं. दोन मिनिटांचं काम. आणि हे मंगळवारचं बंद कर, नयना. पागलांचे इलाज आपल्याला कशाला? पुरानी बात है.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“तिनं सांगितलं होतं. पण...”

“ठाऊक होतं, आणि गेल्या वर्षी त्याच्या खांद्याला खांदा लावून फोटोत हसलास. शाबास. एवढं शिकवून मी बाहुलं वाढवलं. हो बाजूला.”

मग त्या सुनेकडे वळल्या. “गेल्या वर्षी मी तुला बोलले. चुकलं माझं.” हे शब्द त्या घरानं कधी ऐकले नव्हते. “बाहेर मी तोंड उघडू का? गोष्ट तुझी आहे. तू नको म्हणालीस तर त्याला नुसता हाकलते.”

नयनानं पदर खोचला. “बोला. मीही येते.”

“काय वहिनी, लेक लाजते वाटतं?” दीनानाथराव पाय हलवत हसले.

“लाज तिनं का वाहायची, दीनानाथराव? नऊ वर्षांच्या पोरीला कडी लावून कोंडलंत तुम्ही. आम्ही शहाण्या बायका तुम्हाला बाप म्हणत तिलाच तुमच्यापुढे वाकवत राहिलो. ते पाप माझ्या पदरात. मी ते फेडीन. लक्ष्मीकांत, कॅमेरा खाली कशाला? काढा की फोटो, यांचं तोंड आत्ता खरं दिसतंय. तुमच्या त्या आश्रमात आजही पोरी आहेत. तिथे वाढलेल्या पाचजणी ज्या कचेरीत जाऊन बोलतील, तिथे त्यांच्या शेजारी मी बसणार. व्याही म्हणून तुमचा मान आज संपला. पाय देवानं चालायला दिलेत. उठा, चालू लागा.”