बोलता येईल इतकंच

परदेशी जाताना माणूस घरदार मागे ठेवतो, पण चेष्टेची खोड बरोबर नेतो. सौदीतल्या रास अल खैरच्या कामगार कॅम्पात आपल्या माणसांनी ती चांगली जोपासली होती. ड्युटी संपली की खाटेवर आडवं व्हायचं, मोबाइल छातीवर घ्यायचा आणि कुणी काही नवं करायला उठला की त्याची टर उडवायची!

कुडाळचा वेल्डर दत्ताराम पन्नाशीला टेकला होता. डॉक्टरने त्याला बजावलं, "साखर आणि वजन उतरलं नाही, तर पुढच्या मेडिकलला उंचावरचं काम बंद." म्हणजे नोकरीच गेली. बाहेर उन्हात चालायची सोय नाही, म्हणून तो व्यायामाच्या खोलीतल्या सायकलवर बसला.

साताऱ्याकडचे जुने फिटर कमलाकर यांनी सीट त्याच्या कमरेइतकी वर केली आणि पेडल जड करायचं बटण अगदी सैल सोडलं. "हे बघ दत्ता, सुरुवातीला थोडंच. पाय फिरवताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की हळू कर."

काही दिवस बरं चाललं. एका संध्याकाळी कमलाकर ड्युटीवर असताना दत्तारामच्याच गावाकडचा वैभव चारचौघांना घेऊन आला.

"दत्तादा, ह्या स्पीडान कुडाळ गाठूक दिवाळी उजाडतली!"

खोली हसली. वैभवने हात घालून बटण घट्ट पिळलं. "आता जोर दाखवा. यल्ला, चला!"

दत्ताराम वाकून पेडल रेटू लागला. टाळ्या सुरू झाल्या.

"काय दत्तादा, पोचलात?" वैभवने विचारलं.

उत्तर आलं नाही. दादा रागावले, असं वाटून सगळे आणखी हसले. आणि दत्ताराम हँडलवरून खाली कलंडला!

हृदयविकाराचा झटका होता. जीव वाचला, पण दत्ताराम कामाला अयोग्य ठरला. इतक्या वर्षांची नोकरी खलास.

घरी जाणाऱ्याची पेटी मागे राहणाऱ्यांनी बांधायची, हा कॅम्पचा रिवाज. वैभव दोरी आवळत होता. त्याला मान वर करवेना.

"दादा, तुमी उतरलात कित्याक नाय?"

"कसो उतरतलंय?" दत्ताराम म्हणाला. "सगळे हसत होते."

वैभव रडवेला होऊन कमलाकरांकडे गेला. "काका, मी मस्करीच केली होती."

"मस्करीच! अरे, नवशिक्या आधीच लाजेनं अर्धा झालेला असतो. लहान मूल चालताना पडलं तर आपण हात देतो आणि मोठा माणूस धडपडला की टाळ्या पिटतो. कसली ही रीत!"



पुढे त्याच सायकलवर जाडजूड इलेक्ट्रिशियन नागेश बसला. कुणीतरी हसायला तोंड उघडलं. वैभवने खुर्ची ओढून शेजारी घेतली आणि बटण सैल केलं.

"नागेश, तुमच्या जत्रेचं सांग."

नागेश सांगू लागला, पाय फिरत राहिले. शब्द तुटायला लागले तसा वैभवने हँडलवर हात ठेवला. "हळू. आज एवढंच."

बंधूंनो, नव्याने काही सुरू करणाऱ्याला जोर दाखवायला लावू नका. त्याच्याशी बोला आणि तो उत्तर देतोय का, तेही ऐका. दत्ताराम आज कुडाळला घरी बसून आहे. त्या संध्याकाळी खोलीतल्या एकाने जरी ऐकलं असतं, तर तो कामावर असता.