लेम्पीची अर्धी सतरंजी

लेम्पी जाऊन तीन महिने होत आले, तरी तिची सतरंजी मागावर अर्धीच होती. तिच्यामागे गावातल्या बायकांचं विणकाम अडून बसलंय, हे तिच्या मुलीला, राइयाला, कुणी सांगितलंच नाही.

जुन्या शाळेच्या तळघरात गावाचा माग आहे. उभ्या धाग्यांचा एकच लांबलचक ताणा लावायचा आणि त्यावर एकीमागून एक प्रत्येकीनं घरच्या चिंध्यांची आपली सतरंजी विणायची, अशी तिथली रीत. ताणा संपला की सगळ्या सतरंज्या एकदम कापून उतरवायच्या आणि कॉफी प्यायची. दुसऱ्या घरच्या सतरंजीला मात्र हात लावायचा नाही. लावला तर वर्षभर कुणी बोलत नाही. आमच्याकडे एरवीही कुणी फारसं बोलत नाही, त्यामुळे ते वर्ष भलतंच लांबतं.

लेम्पीनंतर पाळी होती तिच्या मैत्रिणीची, हिल्काची. हिल्का दर आठवड्याला राइयाकडे यायची, कॉफी प्यायची, वेलदोड्याचा पाव खायची, तळ्यावरचा बर्फ यंदा कधी वितळेल ते बोलायची आणि निघून जायची. किती मायाळू बाई, दुःखात सोबत करते, असं राइयाला वाटायचं. जूनपर्यंत बर्फ केव्हाच वितळून गेला आणि बोलायला विषय उरला नाही, तेव्हा हिल्का दारात बूट घालता घालता म्हणाली, "तुला घाई करत नाही गं. पण माझ्यामागे अजून चौघी आहेत, आणि त्यातली एक माझ्याहून म्हातारी आहे."

राइया शरमेनं लाल झाली. हिल्का गेल्यावर तिनं आईची चिंध्यांची टोपली ओढली, तर ती रिकामी.

लेम्पी विकतच्या चिंध्या कधी वापरायची नाही. घरातलं जे जुनं झालं ते तिच्या सतरंजीत जायचं: राइयाचे शाळेचे स्कर्ट, पडदे, नातीची दुपटी. राइयाचे वडील वारले तेव्हा त्यांचा निळा कामाचा सदरा तिनं दफनानंतरच्या आठवड्यातच फाडला होता. विशीतली राइया कितीतरी दिवस स्वयंपाकघरातल्या सतरंजीच्या त्या निळ्या पट्ट्यावर पाय न देता उडी मारून जायची. "दे की पाय," लेम्पी म्हणायची, "जिवंतपणी तरी कुठे तक्रार करायचा?" राइयाला तेव्हा ते निर्दय वाटलं होतं. खरं सांगायचं तर आजही वाटत होतं.

आता घरात जुनं उरलं होतं ते फक्त लेम्पीचं स्वतःचं. कपाट उघडलं की पहिला दिसायचा तो हिरव्या चौकड्यांचा झगा. पोहण्याचा पोशाख लेम्पीनं जन्मात घेतला नाही. हाच झगा घालून, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तिनं नातीला, सान्नीला, पोहायला शिकवलं होतं, आणि हात नीट मारले नाहीत तर साऱ्या तळ्याला ऐकू जाईल असं ओरडली होती. राइया रोज कपाट उघडायची, बाहीचा वास घ्यायची आणि पुन्हा बंद करायची. यावर कात्री चालवली तर आई खरोखरच संपेल, अशी तिला धास्ती होती.

उन्हाळी सणाला सान्नी योएन्सू शहरातून आली. ती तिथे नर्स आहे आणि तिला फार काळ रडायला वेळ नसतो. दुकानातून चिंध्या आणू, असं राइयानं सुचवून पाहिलं.

"विकतच्या? आजी थडग्यातून उठून येईल."

"मग अर्धीच कापून उतरवू. आठवण म्हणून ठेवू."

सान्नी कपाटासमोर उभी होती. "आई, आजीला पाच मिनिटं एका जागी बसवत नव्हतं," ती म्हणाली. "या कपाटात ती काय करणार?"

राइयानं हात पुढे करून झगा खाली काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी झगा घेऊन तळघरात गेल्या. हिल्का तिथे होती, आणि तिच्यामागच्या चौघीही अगदी योगायोगानं तिथेच होत्या. राइयानं कडेला कात्रीचा छोटा काप दिला. पुढचं हातानंच फाडायचं असतं. जाड सुती कापड टर्रकन फाटलं आणि तिला रडू फुटलं. हिल्कानं कॉफीचा कप भरून तिच्या बाजूला ठेवला, तोही बशीसकट.

तिनं चार पट्ट्या फाडल्या. ती आईच्या बाकावर बसली, पट्टी गुंडाळलेला धोटा टाकला, वीण घट्ट बसवणारी फणी ओढली.

"सैल मारतेस," हिल्का म्हणाली. "लेम्पी मारायची तर वर वर्गातल्या खिडक्या वाजायच्या."

राइयानं जोरात मारली. आणखी जोरात. आईवरचा कित्येक वर्षांचा राग त्यात होता, आणि मायाही तेवढीच होती. हिरवा पट्टा बोट बोट वाढू लागला.

मागाकडे बघत, राइयाकडे न बघता, हिल्का म्हणाली, "एक पट्टी मला देशील? माझ्या सतरंजीत घालीन. पलंगापाशी टाकायची आहे ती. सकाळी उठल्या उठल्या लेम्पीचं तोंड नाही दिसलं, तरी ती आहे एवढं कळेल."

बाकीच्या चौघी आपापल्या कपात बघत होत्या. काय हवंय ते त्यांना विचारावं लागलं नाही.

राइयानं सान्नीनं फाडून ठेवलेल्या पट्ट्यांचा ढीग पाहिला. आईला आपण संपवतोय असं तिला इतके दिवस वाटत होतं. इथे तर आई हिल्काच्या पलंगापाशी निघाली होती, कुणाच्या न्हाणीच्या उंबऱ्यापाशी, कुणाच्या चुलीपुढे. पाच घरांत एकदम; एका जागी बसवत नव्हतंच तिला. राइयाला हसू आलं. तिनं उठून प्रत्येकीच्या हातात एक एक पट्टी दिली. हिल्काला दोन दिल्या.

"आता आपल्याला कमी पडणार," सान्नी म्हणाली.

राइयानं आपल्या बाहीला नाक पुसलं आणि पुन्हा बाकावर बसली.

"टोपली घेऊन घरी जा," ती म्हणाली. "कपाट रिकामं करून आण."