दुसरा ब्रेक

“पाय ब्रेकवर असू दे, पण भार टाकू नकोस. शिकणाऱ्याच्या आधी तुझा पाय पडला पाहिजे. ज्या दिवशी तो मागे राहील, त्या दिवशी ही सीट सोडायची. मुकाट्याने. कबूल?”

मामंजींचा हा सवाल अक्कांना रोज गाडीत बसताना ऐकू येई, आणि गेली सव्वीस वर्षं त्या मनातल्या मनात ‘कबूल’ म्हणत आल्या होत्या. सकाळच्या प्रार्थनेसारखा तो त्यांचा नेम झाला होता.

आत्ता गाडी चौकात लाल दिव्यापाशी उभी होती. स्टिअरिंगवर सून, शेजारी, दुसरा ब्रेक असलेल्या शिक्षकाच्या सीटवर अक्का. ड्रायव्हिंग स्कूल मामंजींनी काढलेलं, अक्कांनी नावारूपाला आणलेलं. सुनेला गाडी उत्तम येत होती. चार महिन्यांपूर्वी तिने शिकवण्याचा परवानाही काढला होता. तरी अक्का रोज तिला चौकातून एक फेरी मारायला लावत आणि “अजून थोडा हात बसू दे” म्हणत. हात कधीच बसला होता. सीट सोडवत नव्हती, एवढंच. मुलगा जेवताना चिडवायचा, की हिला सरकारने पास केलं, आता तुझा निकाल कधी लागणार?

दिवा हिरवा झाला.

“सुटला. चल,” अक्का म्हणाल्या.

गाडी वीतभर सरकली आणि थांबली. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या आडून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे आले होते. त्यांचा अर्धा रस्ता अजून बाकी होता. ते गाडीसमोर गोंधळून थबकले. सुनेने स्टिअरिंगवरून एक तळहात उचलला आणि नुसत्या मानेने सांगितलं, सावकाश.

मागचा स्कूटरवाला वळसा घालून खिडकीशी आला.

“बाई, हिरवा दिसत नाही का? की आणखी कुठला रंग हवाय?”

“हिरवा दिसला, दादा. आजोबाही दिसले.”

स्कूटरवाल्याने पुढे पाहिलं आणि त्याचा पाय आपोआप जमिनीला टेकला. आजोबा पदपथावर पोचेपर्यंत तोही थांबला.

चौक मागे पडल्यावर सून म्हणाली,

“बरं झालं, आई, तुम्ही वेळेवर ब्रेक दाबलात. माझं सगळं लक्ष दिव्याकडे होतं.”

अक्कांनी खाली पाहिलं. त्यांची चप्पल पायपुसण्यावर सपाट पडून होती, ब्रेकपासून चांगली चार बोटं लांब. हिरवा म्हणजे जा असं नाही, हिरवा म्हणजे आधी बघ आणि मग जा, हे शेकडो जणांना शिकवलं ते त्यांनीच. आणि आज ‘चल’ म्हणाल्या त्याही त्याच.

घरी सुनेने नवऱ्यालाही तेच सांगितलं, की आईंमुळे आज निभावलं. सांगताना पापणीसुद्धा हलली नाही तिची. अक्कांनी पहिलं ताट सुनेपुढे ठेवलं.

सव्वीस वर्षांपूर्वी असाच एक सायकलवाला गल्लीतून अचानक आडवा आला होता. तेव्हा स्टिअरिंगवर अक्का होत्या, आणि “मामंजी, तुम्ही दाबलात म्हणून बरं,” असं त्याही म्हणाल्या होत्या. मामंजी घरापर्यंत चष्मा पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सीट सोडली आणि तो शब्द घेतला. त्यांना आपलं ते खोटं खरंच वाटलं, असं अक्का इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. आज भांडी आवरता आवरता त्यांना एकदम हसू आलं. म्हाताऱ्याला सगळं कळलं होतं तर.

सकाळी सात वाजता शिकायला येणाऱ्या बाई फाटकाशी उभ्या होत्या, तेव्हा अक्का गाडीत वाकल्या होत्या. त्यांनी दुसरा ब्रेक फडक्याने स्वच्छ पुसला, मग शिक्षकाची सीट तीन खाचा मागे सरकवली. सून त्यांच्यापेक्षा उंच होती.

“आई, हे काय? तुमचे पाय कसे पोचणार?”

“आजपासून यांना तू शिकव,” अक्का तिच्या हातात किल्ली ठेवत म्हणाल्या. “पाय ब्रेकवर असू दे. भार टाकू नकोस.”

सुनेने किल्लीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. काहीतरी विचारायला तिचे ओठ हलले, पण अक्कांनी पर्स खांद्याला लावलीसुद्धा.

“आणि तुम्ही?”

“स्कूल उघडायला नको का? जाते पायीच.”

त्या फाटकाबाहेर पडल्या. मागे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, पण गाडी लगेच हलली नाही. आधी आरसे बघायला लावत असणार. अक्कांची मान किंचित ताठ झाली. मागे न बघता, नेहमीपेक्षा जरा भरभर, त्या चौकाच्या दिशेने चालू लागल्या.