सुकेळी अजून ओलीच

सकाळपासून कितव्यांदा गच्चीवर गेले, देव जाणे. बांबूच्या चटईवर सोललेली राजेळी केळी पसरली होती. एक बोटाने दाबून पाहिलं. चिकट. काल चिकट, आजही चिकट. डिसेंबरचं कोरडं वारं, डोक्यावर लख्ख ऊन, आणि ही केळी सुकायचं नाव घेईनात.

रविवारी क्लेमेंटीनबाय जाणार होत्या. आमच्या कुंपणापलीकडच्या. त्यांचा मुलगा ॲन्सेल्म कॅनडात असतो. इथलं घर विकून त्याने आईला कायमचं बोलावून घेतलं होतं. आणि त्यांचा केकचा पत्र्याचा डबा अजून आमच्या फडताळात होता. दर नाताळात हा डबा केक घेऊन यायचा, वर्षभर आमच्याकडे राहायचा आणि पुढच्या नाताळाआधी सुकेळी भरून परत जायचा. भरून आलेला डबा आमच्या निर्मळ गावात कोणी रिकामा परत करत नाही. माझ्या सासूबाई यमुनाबाई, म्हणजे आमच्या आई, नवी नवरी म्हणून या घरात आल्या तेव्हापासूनचा हा शिरस्ता.

मी साताऱ्याकडची. केळं पिकलं की खायचं, एवढंच मला ठाऊक. केक मला क्लेमेंटीनबायनीच शिकवला. काळी पडलेली केळी, गूळ, रवा आणि कच्च्या पपईची घरी केलेली टुटीफ्रुटी. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाशी मीठ पसरायचं, त्यात भांडं ठेवायचं. "फेकायला काय, कोनीपन फेकतो," असं म्हणत त्यांनी माझ्या हातातली सालं काढून घेतली होती, गाईसाठी. ती बाई चालली होती आणि आम्हाला तिला मूठभर सुकेळी देता येत नव्हती. ओलसर दिली तर वाटेतच बुरशी धरणार.

"आई, ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवू का?"

"ते सुकेळं नाय, भाजलेलं केळं होईल," आई तांदूळ निवडत म्हणाल्या. "उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग. बस जरा."

एरवी सुकेळ्यांच्या दिवसांत या बाई घर डोक्यावर घेतात. कावळा आला, दव पडलं, उलटायला उशीर झाला. यंदा मात्र ढिम्म. मला त्या शांतपणाचाच राग येत होता.

शनिवारी दुपारी पापडीहून बाजार करून आले तर आई खाली नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणाऱ्या आई गच्चीवर होत्या. बादलीत पंचा बुडवून, पिळून, केळ्यांवर पसरत होत्या.

"हे काय चाललंय?"

"माश्या बसतात."

"माश्यांसाठी ओला पंचा?"

आई पायरीवर बसल्या. "केळी सुकली नाय तर डबा कसा देनार?" त्या म्हणाल्या. "रिकामा तर देता येत नाय. डबा गेला की संपलं गं. मग तो परत कशाला येईल?"

मला चांगलंच सुनवायचं होतं. रोज इथे येऊन जीव जाळत होते मी, आणि माझी पाठ वळली की या केळी भिजवत होत्या. पण तोंडाशी आलेलं सगळं गिळलं. "मग त्यांना सांगा तसं," एवढंच म्हणाले, "केळ्यांना कशाला छळता?"

निम्म्या केळ्यांना आंबूस वास सुटत होता. ती खाली नेली, कुस्करली, केक भाजला. गरम असतानाच डब्यात बसवला आणि डबा आईंच्या हातात दिला. त्या नको म्हणाल्या नाहीत.

क्लेमेंटीनबायच्या घरात खोकीच खोकी. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला.

"सुकेळी नाय?"

"सुकली नाय," आई म्हणाल्या.

क्लेमेंटीनबायनी दारातून बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. मग आईंकडे. केक कापून आम्हाला दिला, उरलेला कागदात बांधून हातातल्या पिशवीत ठेवला. डबा घासला, पदराने पुसला आणि घेऊन आत गेल्या. आल्या तेव्हा डब्यात काचेची बरणी होती. रममध्ये भिजवलेली फळं.

"घर विकलं तरी पावसाळा सरल्यावर भिजत घातली. हात ऐकत नाय," त्या म्हणाल्या. "यंदाचा केक तुझी सून करील. डबा तुझ्याकडेच ऱ्हाऊ दे, यमुना. सुकेळी सुकली की भरून ठेव. न्यायला मी येनार."

दोघींनाही ठाऊक होतं की असं येणं सोपं नसतं. आईंनी डबा पोटाशी धरला आणि कुंपणाकडे चालू लागल्या. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी पुढे झाले.

रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर क्लेमेंटीनबायची गाडी गेली. हात हलवून झाल्यावर मी घरात आले तर आई पुन्हा जिन्यावर. धावत वर गेले. उरलेल्या केळ्यांवरचा पंचा त्यांनी दोरीवर टाकला होता आणि चटई ओढत उन्हात नेत होत्या.

"बघतेस काय? उलटायला लाग," त्या डाफरल्या. "ती आली आनि केळी ओली असली, तर काय तोंड दाखवू मी?"