उकडलेल्या बटाट्याला नावं

आमचे हे कापडगिरणीत तपासनीस. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत असतं आणि जिथे धागा तुटलेला दिसेल तिथे हे निळ्या खडूने फुली मारतात. दिवसभर खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. घरी आल्यावर तेच काम फुकट. भाजीत मीठ जास्त, भात चिकट, सूप पाणचट. तीस वर्षं मी प्रत्येक फुलीला उत्तर देत आले. शेजारीण म्हणायची, तुमच्याकडे जेवण कमी आणि वाद जास्त.

मग ह्यांचं पोट बिघडलं. डॉक्टरांनी सांगितलं, एका वेळी एकच पदार्थ खा, तुमच्या पोटाला सरमिसळ झेपत नाही. सकाळी केळी, दुपारी नुसता भात, संध्याकाळी उकडलेले बटाटे. दोन-दोन स्वयंपाक कोण करत बसणार, म्हणून मीही तेच खाऊ लागले.

महिन्याभरात पोट ठणठणीत झालं. पथ्य मात्र चालूच राहिलं. उकडलेल्या बटाट्याला नावं तरी काय ठेवणार? ह्यांनी ठेवली नाहीत. समोरासमोर बसायचं, सोलायचं, खायचं, सालं एका ताटलीत गोळा करायची. असे पाच महिने गेले. धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "सुटलीस बाई. आमच्याकडे अजून रोज नाक मुरडणं चालूच आहे." मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वाईटही वाटलं नाही. घासायची भांडी निम्मी झाली होती, तेवढंच जाणवायचं.

शुक्रवारी मी बटाटे मुद्दाम लवकर उतरवले. वरून मऊ, आत कच्चे. ह्यांनी काही म्हटलं तर ठीक. नाही म्हटलं, तर आमच्यात बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मी मान्य करून टाकणार होते. एवढा मोठा निकाल बटाट्यावर सोपवला, ह्याचंही मला हसू आलं नाही.

हे सोलून खाऊ लागले. करकर आवाज येत होता. मी माझ्या बटाट्याला हात न लावता बघत बसले. ह्यांचा एक संपला. दुसरा संपला. हात पुसून हे उठायला लागले.

"कच्चे होते," शेवटी मीच म्हटलं.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"मागच्या मंगळवारीही होते," हे म्हणाले. "तूही खाल्लेस की. काही बोलली नाहीस. मला वाटलं, आता हे असंच."

ह्यांनी माझ्या ताटलीतला बटाटा उचलून पुन्हा पातेल्यात टाकला आणि गॅस लावला.

मी मंगळवार आठवू लागले. बटाटे धुतलेले आठवले. सालं फेकलेली आठवली. खाल्लेले काही केल्या आठवेनात.