शून्य दाखवणारं मीटर

मनोरमाकाकूंचं डोकं दिवाळीनंतर दुखायला लागलं ते थांबेना. तुळिंजच्या त्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहत, जिन्याला लागूनच. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोळे तपासले, काहीच निघालं नाही. माहेरी राजोडीला राहायला गेल्या की बरं वाटे. घरात पाऊल टाकलं की पुन्हा तेच. शेवटी त्यांचे यजमान आत्मारामकाका यांनी ठरवून टाकलं की हा मितेशचाच प्रताप.

मितेशचा गाळा इमारतीच्या पुढच्या अंगाला होता. मोटारसायकलींच्या टाक्या आणि मडगार्ड तो स्प्रेनं रंगवायचा. काका सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी वासाची तक्रार केली तेव्हा मितेशनं गाळ्याला मोठा पंखा बसवला. काका म्हणाले, "बघा, पुरावा बाहेर उडवतोय." त्यानं दोन दिवस गाळा बंद ठेवला, तर काकांना वाटलं, आत काहीतरी लपवतोय.

सोसायटीनं अखेर हवा तपासणाऱ्या एका खासगी एजन्सीचा माणूस बोलावला. हर्षवर्धन त्याचं नाव. काकांनी दुसऱ्या मजल्यावरच्या ऋतिकालाही खाली बोलावून घेतलं. ती ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची.

"तू त्याच्या जवळच उभी राहा," काका हळू आवाजात म्हणाले. "हातावर लक्ष ठेव. मघाशी तो मितेशबरोबर चा पीत होता. मी पाहिलंय."

हर्षवर्धननं हातातलं मीटर गाळ्यात धरलं, तसा आकडा भराभर चढला. काकांचा चेहरा उजळला. मग सगळे काकूंच्या खोलीत आले. तिथे मीटरवर शून्य.

"इथे काही नाही," हर्षवर्धन म्हणाला. "गाळ्यातला थिनर इथवर पोचत नाही."

"नाही कसं? नाक नाही का तुला?" काका ओरडले.

वास होता. ऋतिकालाही येत होता. गोडसर, घशाशी रेंगाळणारा. ज्या खोलीत आपल्याला वास येतोय तिथे यंत्र शून्य दाखवतंय, हे तिला खटकलं. चहाची गोष्ट आता तिच्याही डोक्यात घोळायला लागली.

"मीटर बघू जरा," ती म्हणाली.

"कशाला? परवाच तपासून आणलंय." त्यानं हात मागे घेतला. ऋतिकाचा संशय आणखी वाढला. तिनं हात पुढेच ठेवला, तेव्हा त्यानं नाइलाजानं मीटर दिलं. मागच्या चिकटपट्टीवर आतल्या दिव्याची ताकद छापली होती: १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट.

ती तो आकडा बघत राहिली. त्याच आठवड्यात तिनं अकरावीच्या वर्गात आयनन ऊर्जेचा आलेख काढला होता.

"हर्षवर्धन, तुमचं मीटर दिव्याच्या प्रकाशानं हवेतल्या रेणूतला इलेक्ट्रॉन उडवतं आणि तेच मोजतं ना?"

"हो."

"मग ज्याचा इलेक्ट्रॉन या दिव्यानं उडतच नाही, ते मीटरला दिसणारच नाही. थिनरमधल्या टोल्यूइनला नऊसुद्धा पुरतात, म्हणून गाळ्यात आकडा चढला. इथे वास आहे आणि आकडा शून्य. म्हणजे हा थिनर नव्हेच."

"मग काय आहे?" काकूंनी पलंगावरून विचारलं.

"असा गोडसर वास म्हणजे क्लोरीन असलेलं काहीतरी असावं, काकू. आवर्तसारणीच्या ओळीत डावीकडून उजवीकडे गेलं की केंद्रकाची ओढ साधारण वाढत जाते. क्लोरीन जवळजवळ उजव्या टोकाला. त्याच्या बाहेरच्या पी उपकवचातले इलेक्ट्रॉन तो घट्ट धरून ठेवतो. त्याच्याखाली ब्रोमीन, मग आयोडीन. त्यांचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, म्हणून लवकर सुटतात. ते या दिव्याला बहुतेक सापडले असते."

काका तिच्याकडे रोखून बघत होते. "म्हनजे तू पन मितेशच्याच बाजूची?"

"तिला बोलू द्या हो," काकू म्हणाल्या.

हर्षवर्धनचे कान लाल झाले होते. "अकरा पॉइंट सातचा दिवा असतो," तो म्हणाला. "तो लवकर खराब होतो, म्हणून आम्ही रोज वापरत नाही. माझ्या लक्षातच आलं नाही, मॅडम. उद्या घेऊन येतो."

"उद्यापर्यंत काय शिजवतील कोन जाने," काका पुटपुटले. ऋतिकानं खिडक्या सताड उघडल्या आणि काकूंना आपल्या घरी वर नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षवर्धन नवा दिवा लावून आला. काका त्याच्या पाठीला चिकटूनच चालत होते. काकूंच्या खोलीत या वेळी आकडा दिसला. जिन्याकडच्या भिंतीपाशी तो वाढला. बाहेर येऊन हर्षवर्धननं मीटर जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीच्या दाराशी, फरशीजवळ धरलं आणि आकडा एकदम उसळला. दाराला कुलूप होतं.

"किल्ली कोणाकडे असते?" त्यानं विचारलं.

काकांनीच सावकाश खिशातून किल्ली काढली.

आत जुना रंग काढायच्या द्रावणाचे डबे होते. दिवाळीआधी जिन्याचे कठडे रंगवायचे म्हणून काकांनीच ते आणवले होते. रंगारी काम अर्धवट टाकून गेला आणि डबे तिथेच राहिले. एकाचं झाकण वाकडं बसलं होतं, त्याच्याभोवती फरशीवरचा जुना रंग फुगून सुटला होता. डब्यावर लिहिलं होतं, डायक्लोरोमिथेन.

"याची वाफ हवेपेक्षा जड असते," ऋतिका म्हणाली. "खालीच साचते. दाराखालून, भिंतीच्या फटीतून तुमच्याकडे जात असणार."

काका पायरीवर बसले. "दुकानदार म्हनाला होता, पक्के बंद आहेत," ते म्हणाले. मग काकूंच्या भिंतीकडे बघत, "ती तिथं झोपायची. भिंतीला डोकं लावून."

ऋतिका त्यांच्याशेजारी बसली. कालपासून हर्षवर्धनला तिनं मनातल्या मनात लबाड ठरवलं होतं, आणि तो तर गुडघ्यावर बसून, तोंडाला मास्क लावून, सांडलेल्या डब्याचं झाकण घट्ट करत होता.

एजन्सीनं डबे नेले. खोली उघडी ठेवली. काकू हळूहळू बऱ्या झाल्या, घरी परतल्या. काका गाळ्यात जाऊन मितेशला म्हणाले, "माझं चुकलं." मितेशनं मान हलवली, "ठीक आहे काका," म्हणाला आणि बसायला स्टूलही दिलं. पण त्यानंतर काका गाळ्यासमोरून जायला लागले की तो स्प्रे खाली ठेवतो आणि ते कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहतो.