तेरा फूट पाईप, आठ फूट हौदा

ताईचे गुडघे जिना चढताना कुरकुर करू लागले, तसा धाकट्या भावाने जिन्याला कठडा करायचं मनावर घेतलं. तो वेल्डर. बहिणीच्या हाताला कुठे सांधा लागायला नको, म्हणून त्याने दुकानातून तेरा फुटी अखंड पाईप निवडले आणि पिकअपमध्ये चढवले. हौदा आठ फुटांचा! मागच्या फाळक्यावरून पाच फूट पाईप बाहेर आले.

सोबत आलेली ताई आयुष्यभर आरटीओ कार्यालयात नोकरी केलेली. पाईप बघून ती गाडीत बसेचना.

"अरे, माल असा गाडीबाहेर येऊ द्यायला कायद्याने मनाई आहे."

"ताई, दहा मिनिटांचा तर रस्ता! कोण पकडतंय?"

"पकडण्याचं कुठे बोलतेय मी? कुणाला लागलं तर जबाबदार तू. विमावाले हात वर करतील ते वेगळंच."

"निवृत्त झालीस ना? मग बस की गप!" तो हसत म्हणाला. ती बसली, पण तोंड फुगवूनच.

चौकात एक आजोबा अचानक रस्ता ओलांडू लागले. भावाने करकचून ब्रेक दाबला. मागून टायर घासल्याचा आवाज आणि एक किंकाळी!

तो तावातावाने उतरला. "अंतर ठेवता येत नाही का हो?"

स्कूटरवरच्या बाईने दोन्ही ब्रेक घट्ट दाबून धरले होते. पाईपाचं टोक तिच्या गळ्यापासून वीतभर लांब होतं.

"अहो दादा, अंतर ठेवलं होतं की! गाडी दिसत होती. पाईप दिसलेच नाहीत..."

तो तिच्या शेजारी जरा वाकून उभा राहिला. खरंच! तिथून पाईपाची लांबी दिसतच नव्हती. दिसत होती ती नुसती चार-पाच बारीक वर्तुळं.

"ताई, माझ्या हातून आज काय झालं असतं गं!"

ताईने आधी त्या बाईला सावलीत बसवून पाणी दिलं, मग भावाच्या पाठीवर हात ठेवला. "वेड्या, माझ्यासाठीच करत होतास ना? पण हीसुद्धा कुणाची तरी ताई आहे रे. नियम तिच्यासाठीच आहे."

त्याने बाईची हात जोडून माफी मागितली. गाडी कडेच्या मोकळ्या जागेत घेतली, बॅटरीवरचं कटर काढलं आणि हौद्यात मावतील असे पाईपांचे तुकडे केले. घरी नेऊन जोडले, सांधे घासून गुळगुळीत केले. ताई त्या कठड्याला धरून सावकाश वर गेली आणि वरूनच म्हणाली, "झकास!"

आता कुणी गिऱ्हाईक "अखंडच पाहिजे" म्हणून अडून बसलं, की तो लांब हौद्याची गाडी मागवतो, नाहीतर जागेवर जोडून देतो.

वाचकहो, आपल्या गाडीबाहेर आलेला माल आपल्या पाठीमागे असतो. आपल्याला तो दिसत नाही. मागून येणाऱ्यालाही तो दिसेलच असं नाही. म्हणून तर कायदा आहे. पोलीस चौकात असो वा नसो, माल हौद्यात मावेल एवढाच भरा. मागून येणाऱ्याचीही घरी कुणीतरी वाट बघत असतं!